‘नाही’ म्हणायचंय? मग कारण द्या!

महिन्याला दोन हजार रुपये बाजूला काढायचे आणि गरजू मुलांसाठी स्कॉलरशिप सुरू करायची, इथपर्यंत सगळं मस्त असतं. खरी परीक्षा सुरू होते अर्ज यायला लागल्यावर. आमच्या ग्रुपने ती आधी सपशेल फेल होऊन आणि मग जरा बऱ्या मार्कांनी पास होऊन कशी दिली, त्याची ही गोष्ट.

ऑगस्ट २०२३ मधली एक दुपार. एका स्टोरीची डेडलाइन डोक्यावर होती आणि नेमका तेव्हाच मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. क्रेडिट कार्डवालीच असणार, असं म्हणून कट करणार होते; पण काय वाटलं कुणास ठाऊक, उचलला. पलीकडून जुन्नरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेचे सर बोलत होते. आवाज एकदम शांत.

‘‘मॅडम, तुमच्या स्कॉलरशिपला आमच्या एका मुलीचा अर्ज होता. तिला मिळाली नाही. ठीक आहे, सगळ्यांना कशी मिळणार? पण ती विचारते, का नाही मिळाली म्हणून. कारण काय सांगू तिला?’’

मी घाईघाईने लॅपटॉपवरचं फोल्डर उघडलं. ‘सिलेक्टेड’ नावाच्या फोल्डरमध्ये १२ अर्ज आणि ‘बाकीचे’ नावाच्या फोल्डरमध्ये ४९. त्या एकोणपन्नासात तिचा अर्ज होता. त्यावर मार्क नव्हते, शेरा नव्हता, कुणी वाचला त्याची नोंदही नव्हती. मला मात्र आठवत होतं. तो माझ्याच गठ्ठ्यात होता आणि उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चलाच संपलाय एवढं बघून मी तो बाजूला टाकला होता. निबंध वाचलाच नव्हता.

‘‘सर, यंदा स्पर्धाच खूप होती हो,’’ मी म्हटलं.

‘‘बरं,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या ‘बरं’ने माझी झोप उडवली.

चांगुलपणाचा पहिला सीझन

थोडं मागे जाऊ. आम्ही बाराजण. कुणी हिंजवडीत टेस्टिंगमध्ये, कुणी खराडीत एचआरमध्ये, एक सीए, एक आर्किटेक्ट, दोघं बँकेत आणि मी अशी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे ग्रुपमधली सर्वांत बेभरवशाची कमाई असलेली मेंबर. कॉलेजपासूनची दोस्ती. दर महिन्याला भेटायचं, खायचं, बिल भरताना भांडायचं, असा आमचा कार्यक्रम. एकदा असंच बिल आलं आणि आमचा सीए म्हणाला, ‘‘एवढ्या पैशांत एका पोराची महिन्याची मेस होते रे!’’

बस्स, तिथून चक्र फिरलं. प्रत्येकाने महिन्याला दोन हजार द्यायचे. वर्षाचे २४ हजार. बारा माणसं, म्हणजे बारा विद्यार्थी, प्रत्येकी २४ हजार. दहावीनंतर अकरावी किंवा डिप्लोमासाठी गाव सोडून शहरात येणाऱ्या मुलामुलींना राहण्या-जेवणाचा आधार. फी माफ होते, पण खोली आणि डबा कोण माफ करणार, हा आमचा फंडा.

पुण्याला ही गोष्ट नवीन नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी आपण आजोबांकडून ऐकल्यात. खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणासाठी इथे १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती काम करतेय. आणि एका निवडीने काय होऊ शकतं, हे तर महाराष्ट्राला सांगायलाच नको. बडोदा संस्थानाने १९१३ साली एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आता विचार करा, तो अर्ज कुणी दाखल्याची तारीख बघून बाजूला टाकला असता तर?

तर आमचं पहिलं वर्ष. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरवला, ६१ अर्ज आले. एका शनिवारी माझ्या घरी पिझ्झा मागवून आम्ही बसलो. अर्ज पत्त्यांसारखे वाटले, प्रत्येकाला पाच-पाच, एकाला सहा. प्रत्येकाने आपल्या गठ्ठ्यातला एक निवडायचा. दोन तासांत काम फत्ते. सेल्फी काढला, स्टेटसला टाकला.

चूक कुठे झाली, हे सरांच्या फोननंतर लक्षात आलं. माझ्या पाचांत तिघं खरे गरजू होते, पण निवडायचा होता एकच. आर्किटेक्टच्या गठ्ठ्यात एकही तसा नव्हता, तरी त्याने एक निवडलाच. म्हणजे मुलाचं नशीब काय, तर त्याचा कागद कुणाच्या मांडीवर पडला ते. शिवाय प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. टेस्टिंगवाला फक्त टक्के बघत होता. बँकवाल्याला इंग्रजीतला निबंध आवडला. मी दाखल्याच्या तारखा तपासत होते. याला आम्ही ‘सिलेक्शन प्रोसेस’ म्हणत होतो!

एक चाळणी पुरत नाही

पुढच्या मीटिंगला मी सरांच्या फोनची गोष्ट सांगितली. सगळे गप्प. मग एचआरवाली म्हणाली, ‘‘अगं, आमच्याकडे ट्रेनी घ्यायचा तरी चार राउंड असतात. आणि आपण पिझ्झा खात खात ठरवलं?’’

मग आम्ही मोठ्या शिष्यवृत्त्यांचं काम कसं चालतं ते बघायला लागलो. ब्रिटनच्या चेवेनिंगमध्ये आधी पात्रतेची छाननी, मग स्वतंत्र वाचन समिती, मग निवडक लोकांची मुलाखत. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटमध्ये, जी खरं तर कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे, अर्जानंतर चाचणी आणि मग त्या विषयातल्या तज्ज्ञांसमोर मुलाखत. आपल्या महाडीबीटीवरसुद्धा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि मग संबंधित विभागाच्या. सगळीकडे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा प्रश्न आहे.

हीच गोष्ट आम्ही पहिल्यांदा शिकलो. ‘हा अर्ज नियमात बसतो का?’, ‘यातली माहिती खरी आहे का?’, ‘याला गरज किती आणि तयारी किती?’ आणि ‘शेवटी बारा कोण?’ हे चार वेगळे प्रश्न आहेत. चारही प्रश्न एकाच माणसाने एकाच वेळी विचारले की दाखल्याची तारीख आणि मुलीची जिद्द एकाच तराजूत पडतात. मी तेच केलं होतं.

टप्पा पहिला : हो की नाही?

पहिली चाळणी सर्वांत सोपी वाटते, पण सर्वांत क्रूर तीच. कारण इथे अर्ज न वाचताच बाद होतो. त्यामुळे नियम कमी हवेत आणि प्रत्येक नियमाला ‘का?’ विचारलेलं हवं.

आमचा एक नियम होता, ‘याच वर्षी दहावी पास’. का? तर कुणीतरी सहज लिहिला होता. म्हणजे ज्या मुलीला पैशांअभावी वर्ष वाया घालवावं लागलं, तीच आमच्या दारातून परत जाणार. नियम बदलला, ‘गेल्या दोन वर्षांत दहावी’ असा केला. दुसरा नियम होता, ‘चालू उत्पन्नाचा दाखला’. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो. दहावीचा निकाल लागतो त्यानंतर. नवा दाखला काढायचा म्हणजे सेतू केंद्राची फेरी, कधी तलाठ्याकडे, कधी तहसीलला आणि बापाचा एका दिवसाचा रोज बुडतो. आम्ही ठरवलं, अर्ज करताना जुना दाखला चालेल. नवा फक्त मुलाखतीला निवडलेल्यांनीच द्यायचा.

२०२४ मध्ये अर्ज आले १८७. आम्ही फॉर्म जरा नीट केला होता आणि मेसेज सरासरांमधून फिरला होता, म्हणून तिप्पट. त्यातले ४१ नियमात बसत नव्हते. कुणी सातवीतलं, कुणी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं. उरले १४६.

टप्पा दुसरा : कागद बोलतात, पण अर्धंच

या १४६ पैकी ५८ अर्जांत काहीतरी कमी होतं. पहिल्या वर्षी आम्ही ते सरळ उडवले असते. यंदा प्रत्येकाला एसएमएस केला, फोन केला आणि दहा दिवस दिले. ४९ जणांनी कागद आणून दिले, ९ जणांकडून काही आलं नाही. म्हणजे पुढे गेले १३७. त्या ४९ मुलांना फक्त एक फोन हवा होता, बाकी काही नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायची. आपण ऑफिसात सहज म्हणतो, ‘सगळ्यांचं आधार मागवून घे.’ असं करू नका. लागलंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार पुरतं. ही मुलं बहुतेक अठराच्या आतली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आमच्या पहिल्या वर्षीच्या ६१ मुलांचे दाखले, रेशनकार्डं, फोटो बाराजणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पडून होते. आता आठवलं की लाज वाटते.

आणि मग आलं ‘कॅफे प्रकरण’. तीन अर्जांत एकच निबंध. अगदी शब्दन् शब्द सारखा, ‘मी लहानपणापासूनच जिद्दी व होतकरू आहे’पासून शेवटच्या ‘आपला नम्र’पर्यंत. टेस्टिंगवाला खूश, ‘‘बग सापडला! तिघांनाही उडवा.’’ मी म्हटलं, आधी फोन तर करू. फोन केला तेव्हा कळलं, तालुक्याच्या गावातला एक सायबर कॅफेवाला फॉर्म भरून द्यायचे शंभर रुपये घेतो, त्यात निबंधही त्याचाच! मुलांनी तो वाचलाही नव्हता. एकीने विचारलं, ‘‘ताई, त्यात काय लिहिलंय?’’ तिघांकडून चार ओळी फोनवरच ऐकून आम्ही लिहून घेतल्या. एकीच्या चार ओळी त्या अख्ख्या निबंधाहून भारी होत्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते त्या दिवशी थोडक्यात वाचलं.

टप्पा तिसरा : दोन डोळे, आणखी दोन डोळे

आता खरं वाचन. नियम असा केला, प्रत्येक अर्ज दोघांनी वाचायचा, एकमेकांचे मार्क न बघता. १३७ अर्ज, दोनदा म्हणजे २७४ वाचनं, बाराजणांत प्रत्येकी तेवीसच्या आसपास. मार्क २० पैकी आणि चार मुद्द्यांना पाच-पाच. गरज, अभ्यासातली चिकाटी, वाटेतले अडथळे आणि पुढचा प्लॅन.

पण नुसतं ‘गरज : पाच पैकी’ लिहिलं की काम होत नाही. कुणाचे पाच म्हणजे काय? म्हणून प्रत्येक आकड्यासमोर वाक्य लिहिलं. प्लॅनमध्ये १ म्हणजे ‘पुढे शिकायचंय एवढंच सांगते’. ३ म्हणजे ‘कोर्स ठरलाय, पण खर्चाचा अंदाज नाही’. ५ म्हणजे ‘कोर्स, कॉलेज, राहण्याची सोय आणि खर्च, सगळ्याची चौकशी केलेली आहे’. असंच बाकी तिन्हींचं. चिकाटीत नुसते टक्के बघायचे नाहीत, असंही लिहिलं. रोज आठ किलोमीटर चालून ६८ टक्के आणि क्लास लावून ८५ टक्के, यांत जास्त काय, हे आधीच ठरवलेलं बरं. अर्ज समोर आल्यावर ठरवलं की आपण आपल्या आवडीचं उत्तर काढतो.

खरं वाचन सुरू करण्याआधी एक रंगीत तालीम केली. मागच्या वर्षीचे पाच अर्ज सगळ्यांनी घरी वाचून मार्क द्यायचे. रविवारी सकाळी एफसी रोडवर इडली-सांबार खाता खाता आकडे बाहेर काढले. एकाच अर्जाला माझे ७ आणि एचआरवालीचे १७!

‘‘आपण एकच अर्ज वाचलाय ना गं?’’ तिने विचारलं.

वाचला होता. फक्त तिने सकाळी चहा घेताना आणि मी रात्री साडेअकराला, दिवसभराचं काम आटोपून, जांभया देत. मागच्या पानावर वर्गशिक्षिकेचं पत्र होतं, ते मी उलटूनही बघितलं नव्हतं.

हे फक्त माझंच होतं असं नाही. इस्रायलमधल्या पॅरोल बोर्डांच्या हजाराहून जास्त निर्णयांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सत्राच्या सुरुवातीला कैद्याच्या बाजूने निर्णय व्हायचं प्रमाण साधारण ६५ टक्के, सत्र संपत येईपर्यंत ते जवळपास शून्यावर आणि खाण्याच्या ब्रेकनंतर पुन्हा ६५ च्या आसपास. नंतर इतर संशोधकांनी त्यावर शंका काढल्या, केसेसचा क्रम योगायोगाने ठरत नव्हता म्हणून. सगळा दोष भुकेचा नसेलही. पण रात्री साडेअकराचे माझे ७ मार्क मी विसरू शकत नाही. आमचा नियम झाला, एका बैठकीत सहाच अर्ज आणि रात्री दहानंतर वाचन बंद.

दुसरा घोळ सुंदर अक्षराचा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली दाखवलं होतं की, माणसाची एक गोष्ट आवडली की त्याच्या बाकीच्या गोष्टीही आपल्याला चांगल्या वाटायला लागतात. त्याला त्याने ‘हॅलो इफेक्ट’ म्हटलं. आमच्याकडे निळ्या शाईतलं वळणदार अक्षर आलं की ‘गरज’ या मुद्द्यालासुद्धा मार्क वाढत होते! उपाय साधा निघाला. आधी सगळ्या अर्जांचा पहिला मुद्दा तपासायचा, मग सगळ्यांचा दुसरा. वेळ जास्त लागतो, पण एका मुद्द्याची छाया दुसऱ्यावर पडत नाही.

दोघांच्या मार्कांत सहापेक्षा जास्त फरक पडला तर अर्ज तिसऱ्याकडे. असे १९ अर्ज निघाले. इथे एकत्र बसून चर्चा का नाही केली? कारण आमच्यात एक जण मोठ्याने बोलतो. (तो हे वाचणार आहे. सॉरी रे!) डॅनिएल कानेमान आणि त्यांच्या दोन सहलेखकांनी २०२१ साली ‘नॉइज’ नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हेच सांगितलंय की आधी प्रत्येकाचं मत स्वतंत्र घ्या, चर्चा नंतर. नाहीतर पहिल्याने जे म्हटलं तेच सगळ्यांचं मत होऊन बसतं. तुमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये याचा अनुभव तुम्ही रोज घेत असालच.

आडनावाचं काय करायचं?

सर्वांत जोरदार भांडण झालं ते यावर. आपल्याकडे आडनाव वाचलं की माणूस मनात काहीतरी ठरवून मोकळा होतो. आम्ही पुरोगामी वगैरे म्हणवतो, पण पहिल्या वर्षीच्या बारा नावांची यादी पुन्हा बघितली तेव्हा ती आमच्याच आडनावांसारखी दिसत होती. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. तरी झालं होतं.

म्हणून ठरलं, वाचणाऱ्याला नाव, आडनाव, गाव, शाळा काही दिसणार नाही. फक्त नंबर. नावांची यादी एकट्या सीएकडे, कारण तो तसाही कुणाशी बोलत नाही.

आर्किटेक्टने हरकत घेतली. ‘‘आडनाव झाकलं की अन्याय होत नाही हे बरोबर. पण ज्याच्यावर आधीच अन्याय झालाय, तोही झाकला जातो त्याचं काय?’’ बरोबर होतं त्याचं. शेवटी ‘अडथळे’ या मुद्द्याखाली फॉर्ममध्ये सरळ प्रश्न घातले. घरात दहावीच्या पुढे शिकलेलं तू पहिली किंवा पहिला का? शाळा किती लांब? घरातले कामासाठी वर्षातले काही महिने स्थलांतर करतात का? ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला हा प्रश्न विचारला गेला नाही, तर ती स्वतःहून ते लिहीत नाही. तिच्यासाठी ते रोजचंच असतं.

टप्पा चौथा : मुलाखत, पण कॅम्पस इंटरव्ह्यू नाही

१३७ मधून ३० जणांना मुलाखतीला बोलावलं. तिघांचं पॅनेल, वीस मिनिटं, सगळ्यांना तेच चार प्रश्न, मराठीतून. पॅनेलला आधीचे मार्क दाखवायचे नाहीत. मुलाखत संपली की तिघांनी आपापले मार्क आधी लिहायचे आणि मगच तोंड उघडायचं.

पहिल्या दिवशी एक मुलगा आला. दादा, हो. दादा, नाही. बस्स. मला वाटलं, गेला. मग पॅनेलवरचा बँकवाला म्हणाला, ‘‘तू घरी काय काम करतोस ते सांग.’’ पोराची कळी खुलली. दूध डेअरीचा हिशेब, फॅटप्रमाणे दर कसा लागतो, कुठल्या महिन्यात किती तोटा, सगळं तोंडपाठ. त्या दिवशी आम्ही चार प्रश्नांतला पहिला बदलला. ‘स्वतःबद्दल सांगा’ काढलं, ‘कालचा दिवस कसा गेला ते सांगा’ घातलं. आणि तो मुलगा त्या वेळेपर्यंत भेटलेल्या चौघांपैकी होता, म्हणून बाकी तिघांनाही परत फोन करून तोच प्रश्न विचारला. प्रश्न बदलला तर तो सगळ्यांसाठी बदलला पाहिजे ना?

लेखी वाचनाचे २० आणि मुलाखतीचे १०, असे तीसपैकी मार्क. पहिले १२ स्कॉलर, पुढचे पाच वेटिंगवर.

आणि ती?

जुन्नरच्या पुढच्या सरांनी २०२४ मध्ये पुन्हा फोन केला. ती मुलगी गावाजवळच्या कॉलेजात अकरावी आर्ट्‌स करत होती, कारण तिथे एसटीने जाता येत होतं. तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. नियम बदलल्यामुळे तिला अर्ज करता आला. नाव झाकलेलं असल्यामुळे तो कुणाकडे गेला, मला कळलं नाही. मुलाखतीच्या यादीत नाव दिसलं तेव्हा मी ग्रुपला सगळं सांगितलं आणि त्या पॅनेलमधून बाहेर पडले. अंतिम मीटिंगमध्ये तिच्या नावाची चर्चा झाली तेव्हाही मी बाहेर पॅसेजमध्ये उभी होते. आत जाऊन ‘घ्या रे तिला, माझ्यामुळे तिचं वर्ष गेलंय’ असं ओरडावंसं वाटत होतं. ओरडले असते तर बहुतेक घेतलीही असती. आणि मग तेराव्या कुणाला तरी आम्ही काय कारण सांगितलं असतं?

तिचा नंबर आला पंधरावा. वेटिंगवर तिसरी. त्या वर्षी दोन जागा मोकळ्या झाल्या. दोनच.

निवड न झालेल्या प्रत्येकाला आम्ही पत्र पाठवलं. कुठल्या टप्प्यापर्यंत अर्ज पोहोचला, कुठे मार्क कमी पडले आणि आणखी कुठे अर्ज करता येईल, याची यादी. समाजकल्याण विभागाची वसतिगृहं, स्वाधार योजना, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या, धाकट्या भावंडासाठी आठवीतली एनएमएमएस परीक्षा. ‘आपण प्रयत्न करत राहा’ छापाचं एकही वाक्य त्यात नव्हतं.

पत्र गेल्यावर आठवड्याने फोन आला. या वेळी सर नव्हते, ती स्वतः होती. ‘‘ताई, प्लॅनमध्ये मला कमी मार्क आहेत. काय कमी पडलं?’’

मी शीट उघडलं. या वेळी तिथे सगळं होतं. दोन वाचणाऱ्यांचे मार्क, दोन शेरे, मुलाखतीच्या नोंदी. मी वाचून दाखवायला लागले. कोर्स कुठला ते नक्की आहे, पण कुठल्या कॉलेजात आहे ते बघितलेलं नाही. होस्टेलचा खर्च माहीत नाही. प्रवेशाच्या तारखा माहीत नाहीत.

‘‘ताई, जरा सावकाश सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘लिहून घेतेय.’’

त्या यादीतल्या सरकारी वसतिगृहात तिचा नंबर लागला, हे सरांनी डिसेंबरमध्ये सांगितलं. त्यात आमचं श्रेय काही नाही. फॉर्म तिने भरला, चकरा तिने मारल्या. पण सरांनी पुढचं जे वाक्य म्हटलं, ते मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं : ‘‘मॅडम, यंदा आमच्या शाळेतून सहा अर्ज पाठवतोय. आता पोरांना काय सांगायचं ते मला माहीत आहे.’’

तुमच्याही ग्रुपला सुरू करायचंय?

• आधी पैसे मोजा, मग वाचणारे मोजा. एका अर्जाच्या दोन वाचनांना मिळून अर्धा तास धरा. शंभर अर्ज म्हणजे पन्नास तास. तेवढे वीकेण्ड आहेत का?

• पात्रतेचे नियम पाचांपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकापुढे ‘का?’ लिहा. उत्तर आलं नाही तर नियम काढा.

• कागद कमी असले तर एक फोन आणि दहा दिवस. बाद करण्याची घाई नको.

• मार्कांच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ लिहून ठेवा आणि पाच जुन्या किंवा खोट्या अर्जांवर रंगीत तालीम करा.

• नात्यातला, ओळखीचा, ऑफिसच्या ड्रायव्हरकाकांचा मुलगा असेल तर आधीच सांगा आणि त्या अर्जापासून लांब राहा.

• वेटिंग लिस्ट नंबरासकट ठेवा. जागा मोकळी झाली की पुन्हा वाद नको.

• देणगीवरच्या करसवलतीची पावती हवी असेल तर ती मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच पैसे द्या. मित्रांच्या ग्रुपला ती सवलत मिळत नाही.

• निवड झाली की बाकीच्यांचे दाखले आणि फोटो पुसून टाका. मार्क आणि शेरे मात्र जपून ठेवा. कुणाचा तरी फोन येणार आहे.